माझा गुडघा ठीक होता

माझ्या डाव्या गुडघ्याची एक गोष्ट नांदेडमध्ये सांगतात. तुम्ही इकडचे असाल, पोरांना स्केटिंगला घालत असाल, तर कदाचित तुमच्याही कानावर आली असेल. आपल्या गावची एक मुलगी भारताकडून आइस हॉकी खेळायला परदेशात गेली, गोल राखता राखता तिचा गुडघा गेला, तरी ती रडली नाही, स्वतःहून आपली जागा धाकट्या मुलीला दिली आणि बाकावर बसून ओरडून ओरडून संघाला जिंकवलं — अशी ती गोष्ट आहे. ती मुलगी मी. मनीषा. आणि त्या गोष्टीतला गुडघा खोटा आहे.

एवढं लिहायला मला इतकी वर्षं लागली. आईला सांगितलं नाही, स्केटिंगच्या सरांना नाही, ज्याच्याशी लग्न केलं त्याला नाही. तो तर थंडीच्या दिवसात माझ्या गुडघ्याला तेल चोळून देतो — आणि मी चोळू देते. आता तुम्हीच सांगा, असल्या बाईला काय म्हणायचं?

पण थांबा. गुडघा ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी जास्त वाईट आहे, आणि तिच्याजवळ मला हळूहळूच जाता येईल.

आमच्याकडं बर्फ म्हणजे रसवंतीवर फडक्यात गुंडाळून ठोकतात तो. मी स्केटिंग शिकले ते चाकांवर. एका ओळीत चार चाकं असलेले बूट, सिमेंटचं मैदान, आणि पहाटे उठून जायचं, कारण उन्हं वर आली की ते मैदान तव्यासारखं तापायचं. सरांनी चाकांवरची हॉकी सुरू केली तेव्हा मला गोलात उभं केलं. मी उंच होते आणि पळायला मंद. पण ती जागा मला आवडली. सगळे धावतात आणि शेवटी सगळं तुमच्यापाशी येऊन थांबतं. थांबवलं की टाळ्या. मला वाटायचं, मी धीट आहे. धीट असणं म्हणजे काय, हे विचारायची वेळच आली नव्हती.

विभागाच्या स्पर्धेत आमची लातूरशी गाठ पडायची. नांदेड-लातूरचं तुम्हाला माहीतच आहे — सरकारी ऑफिस कुठं व्हावं इथपासून बारावीचा निकाल कुणाचा चांगला इथपर्यंत आमची चढाओढ. लातूरच्या गोलात एक बारकी पोरगी असायची, पूनम. माझ्याहून दोन-अडीच वर्षांनी लहान. पॅड बांधले की पॅडच दिसायचे, पोरगी दिसायची नाही. तिचे वडील तिकडच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. दुसऱ्यांची शेकडो पोरं मेडिकलला लावणाऱ्या माणसाची स्वतःची मुलगी चाकांवर — लोक त्यांना तोंडावर टोमणे मारायचे.

अठरा वर्षांखालच्या मुलींचा भारताचा संघ निवडायचा होता, तेव्हा चाकांवर खेळणाऱ्या मुलींनाही बर्फावर बोलावून बघितलं. मराठवाड्यातून आम्ही दोघीच निवडल्या गेलो, आणि दोघीही गोलकीपर. मी पहिली, पूनम राखीव. लडाखच्या सराव शिबिरात आम्ही एका खोलीत राहिलो. बाहेर तळं गोठलेलं, आत आम्ही दोघी तीन-तीन स्वेटर घालून मराठीत बोलत बसायचो. लडाखच्या मुली आमचं ‘लई’ ऐकून हसायच्या. त्या लहानपणापासून बर्फावर वाढलेल्या; आम्ही पहिले काही दिवस नुसत्या पडत होतो. आमची कॅप्टन डोल्मा मला हाताला धरून उभं करायची आणि म्हणायची, बर्फाशी भांडू नकोस.

पूनम रात्री पांघरुणात वडिलांच्या नोट्स वाचायची. एकदा म्हणाली, “पप्पा म्हणलेत, ही एक स्पर्धा. मग दोन वर्षं नुसता अभ्यास. अन् ताई, मला तर ह्या स्पर्धेत खेळायला बी मिळणार न्हाई. तुम्ही हायेत की.”

हे तिनं तक्रारीनं म्हटलं नव्हतं. ती माझे पॅड आवळून द्यायची, पाण्याची बाटली धरायची, आणि मी एखादा फटका अडवला की माझ्याआधी तीच नाचायची. मी तिच्यासाठी काय केलं? काही नाही. मी पहिली गोलकीपर होते.

स्पर्धा आखाती देशातल्या एका शहरात होती. बाहेर आपल्या मे महिन्यासारखं ऊन, आणि एका मोठ्या मॉलच्या पोटात बर्फाचं मैदान. मॉलच्या काचेतून खरेदीला आलेले लोक पिशव्या घेऊन बघत उभे राहायचे. छातीवर ‘इंडिया’ लिहिलेली जर्सी मी पहिल्यांदा घातली तेव्हा आरशासमोरून हलले नाही. पूनमनं माझा फोटो काढला आणि माझ्या आईला पाठवला. अर्ध्या तासात तो अख्ख्या नांदेडमध्ये फिरला होता.

पहिला सामना थायलंडशी होता. मैदानावर जायच्या आधी पूनमनं माझ्या हेल्मेटचा पट्टा लावला आणि हळूच विचारलं, “ताई, तुमाला भ्या वाटत न्हाई का?”

“न्हाई,” मी म्हणाले. तेव्हा ते खरं होतं.

आइस हॉकीत चेंडू नसतो. रबराची काळी जाड चकती असते, पक म्हणतात तिला. ती आधी गोठवून ठेवतात, त्यामुळं दगडासारखी होते. शिबिरात मी ती शेकडो वेळा अंगावर घेतली होती. पण आमच्या मुली मला सांभाळून मारत होत्या हे मला थायलंडच्या मुलींनी पहिल्या पाच मिनिटांत दाखवलं. पहिला गोल मला दिसलाच नाही, नुसता आवाज आला. दुसऱ्याच्या वेळी पक उसळली आणि गळ्याच्या खाली, छातीच्या पॅडच्या कडेला लागली. काही मोडलं नाही, रक्त आलं नाही. पण दोन क्षण श्वास येईना. तोंड उघडं, आणि हवा आत जात नाही — तुम्हाला झालंय कधी असं?

त्यानंतर मी डोळे मिटायला लागले.

मुद्दाम नाही. समोरच्या मुलीनं स्टिक वर उचलली की पापण्या आपोआप खाली यायच्या. मला कळत होतं. मुखवट्याच्या आत मी स्वतःला शिव्या देत होते — उघड, उघड डोळे — आणि स्टिक वर गेली की पुन्हा अंधार. गोलकीपर डोळे मिटून उभी आहे, आणि हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. तिसरा गोल, चौथा, पाचवा. तीनपैकी दोन डाव संपले. तिसऱ्याची सुरुवात झाली तेव्हा पक मधल्या रेषेवर असतानाच मी मागं सरकून गोलाच्या खांबाला टेकत होते.

मग त्यांची एक मुलगी घसरत माझ्या गोलात आली. तिचा खांदा माझ्या डाव्या पायाला लागला. लागला म्हणजे — गर्दीत माणसाला माणूस लागतो तसा.

मी पडले. पडण्यासारखं काही नव्हतं, तरी पडले. आणि गुडघा धरला.

शिट्टी वाजली. सगळं थांबलं. बर्फावर आडवी पडून मी छताचे दिवे बघत होते, आणि माझ्या मनात काय होतं सांगू? सुटले. एवढंच. देश नाही, आई नाही, सर नाहीत — सुटले.

डोल्मा आणि आणखी एकीनं मला धरून बाहेर नेलं. मी डावा पाय टेकवत नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पूनम हेल्मेट घालत घालत माझ्या शेजारून मैदानात गेली, अंग गरम करायलाही तिला वेळ मिळाला नाही. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “ताई, तुम्ही रडू नका, मी हाय.”

त्या उरलेल्या वेळात त्या बारक्या पोरीनं काय केलं हे बघायला हवं होतं तुम्ही. ती पकच्या वाटेत उडी मारायची. पाठीवर, पोटावर, पायावर, मिळेल तिथं घ्यायची आणि पुन्हा उभी. तिच्यावर फक्त एक गोल झाला. आम्ही हरलो, पण मैदानातून बाहेर येताना आमच्या मुली हरल्यासारख्या दिसत नव्हत्या. पूनमच्या गालावर घामानं केस चिकटले होते आणि ती खदाखदा हसत होती.

संघाबरोबरच्या डॉक्टरांनी माझा गुडघा दाबून बघितला. कुठं दाबलं की कण्हायचं हे मला कळत होतं, कारण आमच्या मैदानावरच्या एका मुलाचा गुडघा खरंच गेला होता आणि त्याला मी बघितलं होतं. ते म्हणाले, सूज नाही पण आतून लिगामेंट दुखावलेलं असू शकतं, जोर द्यायचा नाही. पट्टी बांधली. झालं. इतकं सोपं होतं.

आणि खोलीवर गेल्यावर पूनमनं कुठूनतरी बर्फ आणला, टॉवेलात गुंडाळला आणि माझ्या गुडघ्यावर धरून बसली. “लई दुखायलंय का?” ती विचारायची. मी “हौ” म्हणायचे. धडधाकट गुडघ्यावर बर्फ धरून ठेवला की खरंच दुखायला लागतं, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या सामन्यात पूनमच उभी राहिली. आम्ही एका गोलानं हरलो, फक्त एका. डोल्मानं आमच्या संघाचा स्पर्धेतला पहिला गोल केला आणि सगळ्या मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. मी बाकावरून ओरडत होते. माझा घसा बसला. हे मात्र खोटं नव्हतं — मला खरंच आनंद होत होता. माणसाला एकाच वेळी लाज आणि आनंद होतो का? मला झाला.

मग एक दिवस विश्रांतीचा, आणि त्यानंतर शेवटचा सामना, यजमान देशाशी. आता त्या विश्रांतीच्या दिवसाची दुपार. मी इतका वेळ जिच्याभोवती फिरतेय ती.

बाकीच्या मुली खाली मॉल बघायला गेल्या होत्या. मी पलंगावर पाय लांब करून, माझी पट्टी सांभाळत पडले होते. बाथरूममध्ये नळ चालू होता तो बंदच होईना. मी हाक मारली. उत्तर नाही. मी उठले — लंगडत नाही, सरळ चालत गेले, कारण बघायला कुणी नव्हतं — आणि दार ढकललं. पूनम बेसिनपाशी वाकून डावा हात गार पाण्याखाली धरून उभी होती. अंगठा मुळापासून काळानिळा झाला होता, सुजून दुप्पट. मी सरळ चालत आले हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिचं सगळं ध्यान त्या हातात होतं.

कालच्या सामन्यात लागलं होतं तिला. गोलकीपरच्या डाव्या हातात पक झेलायचा मोठा ग्लोव्ह असतो, बोटं आणि अंगठा मिटून झेलायचं. तिला अंगठा मिटता येत नव्हता. तिनं मला करून दाखवलं. हलवताना तिच्या डोळ्यातून पाणी आलं आणि तोंडातून आवाज आला नाही.

“कोच मॅडमला सांगायला पायजे,” मी म्हणाले. हे मी म्हणाले, हे खरं आहे. पण मी ते कुठल्या आवाजात म्हणाले तेही मला आठवतं.

“न्हाई ताई,” ती म्हणाली. “कुणाला सांगू नका, तुमच्या पाया पडते. मी न्हाई खेळले तर कोण खेळंल? तुमचा तर गुडघा असा. मग गोलात कुणालाबी उभं करतेत. उद्या जिंकू शकतो ताई आपुन. डोल्मादीदी म्हणली, जिंकू शकतो.”

कोण खेळंल.

तिनं ते मला विचारलं. माझ्याकडं बघून. मी पाच फूट सात इंच उंच, दोन्ही पायांवर व्यवस्थित उभी, भारताची पहिली गोलकीपर. एका वाक्यात उत्तर होतं. मला ते येत होतं. आणि ते जिभेवर येण्याआधी मला गळ्याखाली तो दणका आठवला, उघडं तोंड आणि न येणारी हवा — आणि मी म्हणाले, “आण इकडं. टेप लावून देते.”

मी तिच्या अंगठ्याला टेप लावली. नीट, घट्ट, एकावर एक वेढे. टेप दातांनी तोडली. तिनं तोंडात टॉवेलचं टोक धरलं होतं. झाल्यावर ती म्हणाली, “तुम्ही होत्या म्हणून बरं झालं ताई.”

माझा गुन्हा हा आहे. गुडघा नाही. गुडघा भीतीनं झाला, एका क्षणात झाला. टेप लावायला मला बराच वेळ लागला होता, आणि त्या सगळ्या वेळात मी शुद्धीवर होते.

संध्याकाळी चहाच्या वेळी कोच मॅडम माझ्यापाशी येऊन बसल्या. त्यांनाही पूनमची काळजी वाटत होती, लहान आहे, दमली आहे. त्यांनी विचारलं, “पट्टी बांधके थोडा खेल पाएगी? सच बोल.”

मी म्हणाले, “नहीं मॅम. पूनम अच्छा कर रही है. उसी को रहने दीजिए.”

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी सगळ्या मुलींसमोर सांगितलं, की खेळाडू कसा असावा हे मनीषाकडून शिका. पूनम माझ्याकडं बघून हसली, टेपचा हात तिनं जॅकेटच्या खिशात ठेवला होता. नांदेडमध्ये सांगतात त्या गोष्टीचा जन्म तिथं, त्या चहाच्या टेबलावर झाला.

आता शेवटचा सामना. तो मला सांगू द्या, कारण माझ्याबद्दल काहीही असो, तो सामना खरा आहे आणि तो त्या पोरींचा आहे.

त्या दिवशी प्रेक्षकांत आपली माणसं बरीच आली होती. तिकडं कामाला असलेले लोक, सुट्टी घेऊन आलेले. काचेपाशी एक जण उभा होता, आमच्याच जिल्ह्यातला, देगलूरकडचा. त्यानं आमच्या बाकाशी बोलणं काढलं होतं, कोण कुठली विचारलं होतं. मग सामनाभर तो एकटा मराठीत ओरडत होता, “हिकडं बघ पूनम, डावीकडं बघ.” तिला काही ऐकू येत नव्हतं. त्याला त्याचं काही नव्हतं.

पहिला गोल यजमानांनी केला. पूनमनं झेलायला हात लावला होता, पण पक ग्लोव्हमधून निसटली. मला माहीत होतं ती का निसटली. बाकावरच्या दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. ती गोलात वळली, पाणी प्यायली, आणि त्यानंतर तिनं झेलणंच बंद केलं. प्रत्येक फटका अंगावर घ्यायला लागली. छाती, खांदा, पॅड. डाव्या हाताचं काम ती सगळ्या शरीरानं करायला लागली. कोच मॅडम म्हणाल्या, हे काय नवीन? आणि मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसले.

दुसऱ्या डावात डोल्मा मधल्या रेषेवरून निघाली. दोघींना चुकवलं, तिसरीचा धक्का खांद्यावर घेतला आणि पडता पडता पक आत ढकलली. एक-एक. मॉलमधले लोक पिशव्या खाली ठेवून काचेला चिकटले. तिसऱ्या डावात हिमाचलची एक बुटकी मुलगी — तिचं नाव आम्ही सोनू ठेवलं होतं — गोलाच्या मागून आली, कुणाच्या लक्षात यायच्या आत पक आत सरकवून दिली आणि स्वतःच हबकून उभी राहिली. झाला का? तिनं डोल्माला विचारलं. झाला होता. दोन-एक.

शेवटच्या दोन मिनिटांत यजमानांनी आपली गोलकीपर बाहेर काढली आणि त्या जागी आणखी एक मारणारी मुलगी आणली. आइस हॉकीत असं करता येतं. म्हणजे त्यांच्या सहा जणी पूनमवर चालून आल्या, आमच्या पाच जणी त्यांच्या पायांत. एक फटका तिनं पायानं अडवला. दुसरा परत आला, तो डोल्माच्या पाठीवर बसला. मग त्यांची सगळ्यात जोरात मारणारी मुलगी मोकळी सापडली. स्टिक वर गेली. मी बाकावर होते, काचेच्या आड, मला कुणी मारत नव्हतं — तरी माझे डोळे मिटले.

उघडले तेव्हा पूनम गुडघ्यांवर होती आणि पक तिच्या डाव्या ग्लोव्हमध्ये होती. अंगावर घ्यायला जागाच नव्हती, म्हणून तिनं झेलली होती. तिनं दुसऱ्या हातानं तो ग्लोव्ह बाहेरून आवळून बंद धरला होता. ती तशीच पुढं वाकली आणि त्याच्यावर आडवी झाली, आणि शिट्टी वाजेपर्यंत उठली नाही.

आम्ही जिंकलो. त्या संघाचा परदेशातला पहिला विजय. सगळ्या मुली बाक ओलांडून बर्फावर गेल्या. मीही गेले — आणि गंमत बघा, आनंदाच्या भरात पळत गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही. जिंकलेल्या संघाचं राष्ट्रगीत वाजवायची तिथं पद्धत असते. आम्ही निळ्या रेषेवर एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या राहिलो. काचेबाहेर देगलूरचा तो माणूस ताठ उभा राहून मोठ्यानं गात होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. लडाखच्या मुली रडत होत्या, सोनू रडत होती, मॅडम रडत होत्या. पूनम रडत नव्हती. ती गात होती, मान वर करून. इतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही. आजही डोळ्यांसमोर आलं की माझ्या अंगावर काटा येतो, आणि मी तो काटा नाकारणार नाही. मी तिथं होते. माझ्यासारखीलाही ते बघायला मिळालं.

नांदेडच्या स्टेशनवर हलगी होती, हार होते. मी उतरताना सरांनी माझा हात धरला, पायरीवर सांभाळून म्हणाले. पेपरात माझा फोटो आला. पूनमचाही आला, लातूरच्या पानावर.

तिच्या अंगठ्याचं हाड मोडलं होतं, आणि मोडल्यावर त्यावर एक अख्खा सामना खेळला गेला होता. लातूरला ऑपरेशन झालं, तार घातली. तो अंगठा आजही पूर्ण मिटत नाही. दवाखान्यातून तिनं मला फोन केला. डॉक्टरांनी विचारलं होतं म्हणे, आधीच मोडला असताना कुणी टेप लावली, कोण शहाणा होता तो. “मी म्हणलं, शेवटच्या सामन्यातच लागलं,” ती म्हणाली. “तुमचं नाव न्हाई घेतलं ताई. तुमाला उगं बोलणी कशाला.”

मी तिला काय म्हणाले? “बरं केलंस,” म्हणाले.

तिच्या वडिलांचं सांगायचं राहिलं. तिचा फोन घेऊन ते दवाखान्यात शेवटच्या त्या झेलाचा व्हिडिओ परत परत बघत बसले होते. नर्सला दाखवला, शेजारच्या पेशंटला दाखवला. ज्या माणसानं एकच स्पर्धा म्हणून बजावलं होतं, त्यानं विचारलं, पुढची कधी असते? पूनमनं अभ्यासही केला आणि खेळलीही. अंगठा मिटत नाही म्हणून तिनं ग्लोव्हच्या आत स्वतःच्या हातानं शिवून एक पट्टा बसवून घेतलाय. आज ती मोठ्यांच्या संघात आहे. तिला आता कुणी बारकी म्हणत नाही.

मी पुन्हा बर्फावर गेले नाही. गुडघ्याचं कारण तयारच होतं. मी नांदेडला मुलींना स्केटिंग शिकवते, बरं शिकवते. नव्या मुलींच्या आया मला म्हणतात, मॅडम, यांना तुमची ती गोष्ट सांगा ना. मी सांगते. प्रत्येक वेळी, तीच.

गेल्या हिवाळ्यात लातूरला मुलींच्या स्पर्धा होत्या, तेव्हा पूनमला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. मी माझ्या मुलींना घेऊन गेले होते. भाषणात ती स्वतःबद्दल फार बोललीच नाही. तिनं मला गर्दीतून शोधलं आणि माइकवर म्हणाली, “आज मी जी कुणी हाय ती त्या ताईमुळं. त्यांनी आपली जागा माझ्या हातात दिली.” तिनं तो डावा हात वर करून मला बोलावलं. सगळ्या पोरी माना वळवून बघायला लागल्या.

मी उठले. स्टेजच्या पायऱ्या चढताना जरा लंगडले. कुणी सांगितलं नव्हतं. सवयीनं लंगडले. तिनं खाली येऊन मला हाताचा आधार दिला आणि माझ्या खांद्यावर शाल घातली.

त्या दिवशी परत येताना एसटीत माझ्या मुली गाणी म्हणत होत्या, दोन बक्षिसं मिळाली होती त्यांना. मी खिडकीपाशी बसून ठरवलं की आता लिहायचं. ठरवूनही इतके महिने गेले.

पूनम सध्या शिबिरात आहे. ही पानं छापायला द्यायच्या आधी तिच्याकडं जातील, तिच्याआधी कुणी वाचणार नाही. भीती वाटली होती, वय लहान होतं, असली सबब मी त्यात घातलेली नाही. तिचं वय माझ्याहून लहान होतं आणि भीती तिलाही वाटत होती. वाचून ती काय म्हणेल मला माहीत नाही. तिनं काही म्हणावंच, असंही नाही.